मदत हवी आहे : टायरच्या भिंतीत मुरूम भरताना काळी माती किती मिसळावी?

औशाजवळ (जि. लातूर) शेतात, जुने टायर आडवे रचून त्यांत मुरूम ठोकून भरलेल्या भिंतींचं, सौर विजेवरचं दोन खोल्यांचं घर बांधतोय. श्रमदानाला दहा जण आहेत. कारच्या एका टायरात घणाने ठोकून सव्वाशे-दीडशे किलो माल बसतो. माल खाली गळू नये म्हणून टायरच्या तळाला पुठ्ठा घालतोय, आणि विटांसारखेच टायरांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही. निव्वळ काळी माती नकोच: ओली भरली की उन्हाळ्यात आकसते, टायर ढिला पडतो. पण आमचा मुरूम फार भरड आहे, मूठ आवळली तरी गोळा धरत नाही. दहा घमेल्यांना एक घमेलं काळी माती चालेल का?

दुसरं, जास्त काळजीचं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जड भिंतीच जीवघेण्या ठरल्या. वरच्या थरावर आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा घालणारच, पण त्याच्या सळया टायरात किती खोल न्याव्यात?