उंची फुटात, वजन किलोत: तुमच्याकडे कोणतं माप कुठे चालतं?

आमच्या दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. परवाच्या खुणेपाशी मी सवयीने ‘4-2’ लिहिलं. तिने टेपची दुसरी कड बघून त्याच रेघेच्या पलीकडे ‘127’ लिहिलं. दोन्ही बरोबर. 4 फूट 2 इंच म्हणजे 50 इंच, म्हणजे नेमके 127 सेंटिमीटर. पण 127 म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर उंची उभी राहते, माझ्या राहत नाही.

मग दिवसभर स्वतःकडे लक्ष ठेवलं. वजन किलोत, उंची फुटात. हवेचं तापमान सेल्सिअसमध्ये, अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये. अंतर किलोमीटरमध्ये, चाकातली हवा पीएसआयमध्ये. टीव्ही इंचात, तो लावायची भिंत फुटात आणि त्या भिंतीत जाणारा स्क्रू मिलिमीटरमध्ये. यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. जी गोष्ट ज्या मापाने मोजायला शिकलो, ते माप तिला चिकटून बसतं. घोळ होतो तो दोन मापं एकमेकांना भिडतात तिथे, आणि आकड्यापुढे एकक लिहिलेलं नसतं तेव्हा. तुमचे अनुभव सांगा. हाताने काम करणाऱ्यांचे तर आवर्जून हवेत.

*

फर्निचरचं काम करतो. प्लायचा तक्ता 8 बाय 4 फुटांचा, जाडी मात्र 18 मिमी. ‘अठरा एमएमचा आठ-चार’ हे आमचं रोजचं बोलणं. त्यात बारीक फरक सांगायचा तर सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात.

माझी चूक सांगतो. 8 फुटी भिंतीला कपाटाचे चार खण बसवायचे होते, प्रत्येकी 2 फूट. मी कागदावर 600 मिमी लिहिलं, कारण 2 फूट म्हणजे 600 हे डोक्यात पक्कं. खरं तर ते 609.6. एका खणात हा फरक जाणवत नाही. चारही खण ओळीने उभे केले आणि शेवटच्या खणाशेजारी दीड इंचाची फट राहिली, दोन बोटं सहज आत जातील एवढी. पट्टी मारून झाकली, पण ती पट्टी मला अजून दिसते. आता भिंत ज्या मापात मोजली त्याच मापात भागाकार करतो आणि मिलिमीटर सगळ्यात शेवटी काढतो.

*

नवा थर्मामीटर आणला, तो सेल्सिअसवर होता. रात्री दोनला बाळाच्या काखेतून काढला तर 38.4. मला 101 कळतं, 38.4 कळत नाही. किती घाबरायचं तेच समजेना. बहिणीने फोनवर युक्ती सांगितली: आकडा दुप्पट कर, त्यातून त्याचाच दहावा भाग वजा कर, 32 मिळव. 76.8 उणे 7.68, अधिक 32, म्हणजे 101.1. ती बेरीज करता करताच माझे हात थरथरायचे थांबले.

पुढे कळलेली एक गोष्ट मला फार आवडते. 98.6 हा आकडा एवढा काटेकोर वाटतो, पण तो 37 या गोळाबेरीज आकड्याचं रूपांतर आहे. जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी 1868 मध्ये शरीराचं सरासरी तापमान 37 अंश सेल्सिअस मांडलं. तो दशांशातला 6 मोजणीतून आलेला नाही, गुणाकारातून आला आहे.

*

मी परिचारिका आहे. हे सांगितलंच पाहिजे असं वाटलं.

ओपीडीत गर्दी होती. लहान मुलांच्या काट्याला किलो-पाउंड बदलायचं बटण असतं, ते कधीतरी कुणाचा तरी हात लागून पाउंडावर गेलेलं. कागदावर वजन लिहून आलं, ‘22’. पुढे काहीच नाही. तापाच्या पॅरासिटामॉलचा डोस किलोमागे 15 मिलिग्रॅमने काढायचा होता, म्हणजे 330 मिलिग्रॅम. मी औषध मोजायला घेतलं, बाटली तिरपी केली आणि सहज वर पाहिलं. बाळ आईच्या कडेवर होतं, जेमतेम वर्षाचं. 22 किलोचं मूल पळत शाळेत जातं, ते असं खांद्यावर मान टाकून झोपत नाही. काटा पाहिला तर कोपऱ्यात बारीक अक्षरात पाउंड. 22 पाउंड म्हणजे 10 किलो. डोस 150 मिलिग्रॅमचा हवा होता, मी दुपटीहून जास्त देणार होते.

त्या दिवशी काट्याचं ते बटण चिकटपट्टीने बंद केलं. आकड्यापुढे ‘किलो’ लिहिलेला नसेल तर मी कागद परत पाठवते, समोर कितीही रांग असो. लोक चिडतात. चिडू देत.

*

ट्रेडमिलवर 8 चा वेग लावला, रोजच्यासारखा. यंत्र नवं होतं आणि मैलांवर होतं. 8 मैल म्हणजे जवळजवळ 13 किलोमीटर. दांडा धरला म्हणून वाचलो.

*

गॅरेजवाल्याचा अनुभव. 19 चा पाना पाऊण इंची बोल्टला चालतो, कारण पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी. याच भरवशावर पोरं 13 चा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टला लावतात. अर्धा इंच म्हणजे 12.7. फरक 0.3 मिमीचा, पण गंजलेल्या बोल्टवर जोर टाकला की पाना निसटतो आणि बोल्टच्या डोक्याचे कोपरे गोल होतात. मग तो कोणत्याच पान्याने निघत नाही. मी दोन्ही संच वेगळ्या रंगाच्या पेट्यांत ठेवतो.

आणि टायरवरचा आकडा कधी नीट वाचलात का? 205/55 R16. रुंदी 205 मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या 55 टक्के, रिम 16 इंच. एका ओळीत तीन तऱ्हा, आणि जगभर हे असंच चालतं.

*

शिवणकामात कापड मीटरवर, छाती-कंबर इंचात. परदेशी पॅटर्नवर कापड यार्डात दिलेलं असतं. यार्ड म्हणजे 91.44 सेंटिमीटर, म्हणजे 3 यार्डाला 3 मीटर घेतलं तर पाव मीटर उरतं, पण उलट केलं तर बाही निघत नाही. मशिनची सुईसुद्धा दुहेरी नावाची: 90/14. यातला 90 म्हणजे सुईची जाडी 0.90 मिमी, 14 हा अमेरिकी क्रमांक. अशा सुया वर्षानुवर्षं घेतल्या, पण 90 चा अर्थ फार उशिरा कळला.

*

विमानात इंधन भरण्याच्या कामात होतो. टँकर लिटर दाखवतो, वैमानिकाला वजन हवं असतं, मध्ये घनतेचा गुणाकार. आम्हाला शिकवताना 23 जुलै 1983 ची गोष्ट सांगत. कॅनडा तेव्हा मेट्रिककडे वळत होता. एअर कॅनडाच्या 143 क्रमांकाच्या उड्डाणाला 22,300 किलो इंधन हवं होतं. हिशेबात 1.77 हा आकडा वापरला गेला, तो लिटरमागे पाउंडांचा होता. किलोसाठी साधारण 0.8 लागतो. विमान निम्म्याहून कमी इंधनावर निघालं आणि 41,000 फुटांवर असताना इंधन संपलं. वैमानिकांनी ते तरंगत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. पुढे कधीही घनतेचा आकडा वाचताना मी ‘किलो प्रति लिटर’ मोठ्याने म्हणत असे. सोबतच्यानेही म्हणायचं, मगच सही.

*

चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. इंच आणि मिलिमीटर यांचा झगडा मला कधी खरा वाटला नाही, कारण 1959 पासून इंचाची व्याख्याच मेट्रिकमध्ये आहे: 25.4 मिलिमीटर, त्यापुढे दशांश नाही. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेसह सहा देशांनी ते ठरवलं. त्याआधी दोघांचे इंचही किंचित वेगळे होते.

माझ्या पट्टीच्या एका कडेला इंच होते, दुसऱ्या कडेला मिमी. कुठली कड वर आहे हे अंगठ्याने चाचपून कळायचं, कारण इंचाची बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. नवा कागद ताणून बसवला की रेघ मारण्याआधी उजव्या कोपऱ्यात खाली लिहायचो: ‘सर्व मापे मिमीमध्ये’. शाई वाळेपर्यंत थांबायचो, मग पहिली रेघ.