मदत हवी आहे: तूरडाळीला प्रथिनांचा जांभळा रंग येत नाही

आठवीच्या मुलांना सजीवांतले रेणू डब्यातल्या पदार्थांवरच दाखवायचे आहेत. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकलं की काळानिळा डाग पडतो, मुलं हरखून जातात. अंड्याच्या पांढऱ्या बलकावर बाययुरेट चाचणीही (प्रथिनं असली की जांभळा रंग देणारी) सुरेख जमली. अडलंय ते तूरडाळीपाशी.

कच्ची डाळ दळून 1 चमचा पीठ अर्धी वाटी पाण्यात तासभर भिजवलं, सुती कापडातून गाळलं. त्यातल्या 2 मिलीत 10% कॉस्टिक सोडा 2 मिली, मग 1% मोरचुदाचे 5 थेंब. अंड्याला हेच प्रमाण होतं, म्हणजे रसायनं ठीक आहेत. तरी पाणी गढूळ, पिवळट निळसर राहतं. मोरचूद वाढवलं तर नुसता निळाच चढतो. शिजवलेल्या, बिनहळदीच्या डाळीचं पाणी घेतलं, तेच झालं.

डाळीतली बरीचशी प्रथिनं ग्लोब्युलिन प्रकारची असतात, ती साध्या पाण्यापेक्षा मिठाच्या पाण्यात चांगली विरघळतात, हे माहीत आहे. पण प्रमाण कळत नाही. सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून गाळ तळाशी बसवणारं यंत्र) नाही, गाळणकागद आहे. आदल्या दिवशी भिजवता येईल. कॉस्टिक सोडा मीच हाताळते. अंडं सगळ्या मुलांना चालत नाही, त्यामुळे डाळच हवी.

मीठ किती टक्के घ्यावं, आणि किती वेळ भिजवलं तर जांभळा रंग मागच्या बाकावरूनही स्पष्ट दिसेल?