प्रभात म्हणजे नुसते संतपट नव्हेत

दादा, 'प्रभात फिल्म कंपनीनं संतपटच काढले' हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. 'संत तुकाराम' (१९३६) मोठाच. आमच्या आबाजींनी जत्रेतल्या तंबूत तो पाहिला होता आन् मरेपर्यंत त्यातले अभंग म्हणायचे. पण नंतरची वर्षं बघा ना. १९३७ मध्ये 'कुंकू', म्हाताऱ्या वराशी लावलेलं लग्न न मानणारी पोरगी. १९३९ मध्ये 'माणूस', पोलीस शिपाई आणि वेश्या.

आणि १९४१ चा 'शेजारी'! जिवबा आणि मिर्झा जीवाभावाचे मित्र. गावावर धरण येतं आणि धरणाचा मालकच दोघांत फूट पाडतो. आमचं जुनं गाव धरणात बुडालं. मोबदल्याच्या वेळी एका धुऱ्यावरची दोन घरं कशी बोलेनाशी झाली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तो सिनेमा मला आजही आतून हलवतो.

१९२९ ला कोल्हापुरात सुरू झालेली कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. १९४२ मध्ये कंपनीचे भागीदार-दिग्दर्शक व्ही. शांताराम बाहेर पडले, तरी १९४४ मध्ये पेशवाईतल्या न्यायाधीशावरचा 'रामशास्त्री' आलाच. 'शेजारी' एकदा बघा बाप्पा, मग बोलू.