जॅक्सनव्हिल १९६३: मोजणीतली चूक की मुद्दाम घातलेला घोळ?

फेरीवाला:
१ डिसेंबर १९६३. अमेरिकेत फ्लोरिडात जॅक्सनव्हिलच्या स्पीडवे पार्कवर नॅसकारची (तिथली मोटारशर्यती भरवणारी संस्था) शर्यत. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. २५ फेऱ्या उरल्या असताना वेंडेल स्कॉटने रिचर्ड पेटीला मागे टाकलं. पेटीची गाडी तेव्हा रडतखडत चालली होती हे खरं, पण पुढे गेला तो गेलाच. स्कॉटच्या २०० फेऱ्या झाल्या तरी शर्यत संपल्याचा झेंडा पडेना. आणखी दोन मारल्या, आणि शेवटी झेंडा पडला तो बक बेकरसाठी! ट्रॉफीही बेकरच घेऊन गेला. काही तासांनी कागद तपासून अधिकारी म्हणाले, जिंकला स्कॉटच, तोही दोन फेऱ्यांनी.

स्कॉट कृष्णवर्णीय होता. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत जिंकणारा पहिलाच. त्यामुळे सगळे याला सरसकट वर्णद्वेषी कट म्हणतात, ते मला पटत नाही. तेव्हा मोजणी हाताने व्हायची. एकेका गाडीवर एकेक माणूस, गाडी समोरून गेली की घड्याळात बघून कागदावर वेळ टिपायची. मातीच्या ट्रॅकवर धुळीत नंबर दिसायची मारामार. १९५९ साली डेटोना ५०० या नॅसकारच्या मोठ्या शर्यतीच्या पहिल्याच वर्षी निकाल ली पेटीच्या बाजूने लागायला तीन दिवस गेले. त्याच वर्षी लेकवुडच्या ट्रॅकवर त्याचा मुलगा रिचर्ड विजयी म्हणून जाहीर झाला, तर बापानेच हरकत घेऊन निकाल फिरवला. दोघं गोरे, एकाच घरातले. तिथे कसला कट?

मृण्मयी:
लेकवुडचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तिथे दोघांपैकी कोणालाही ट्रॉफी देताना कोणाच्या पोटात दुखणार नव्हतं. जॅक्सनव्हिलला दुखणार होतं. केनेडींचा खून होऊन नऊच दिवस झाले होते. याच शहरात ऑगस्ट १९६० मध्ये गोऱ्यांच्या जमावाने कुऱ्हाडीच्या दांडक्यांनी काळ्या आंदोलकांना झोडपलं होतं. आणि विजेत्याला ट्रॉफी देणारी, गालावर ओठ टेकवणारी सुंदरी गोरी असायची. ते दृश्य भर गर्दीत नको होतं, असं स्कॉटचं स्वतःचं मत होतं.

आप्पा_सातारकर:
मत म्हणजे पुरावा नव्हे ताई.

मृण्मयी:
नाही ना. पण चूक एका फेरीची असती तर मीही गप्प बसले असते. दोन?

फेरीवाला:
एक सुटली की दुसरी सुटायला वेळ लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. कॉलेजात असताना १०,००० मीटरला मी फेऱ्या टिपायला बसलो होतो. २५ फेऱ्या, सतरा-अठरा पोरं. पहिली दहा मिनिटं सोपं असतं. मग पुढचे मागच्यांना फेरी घालायला, म्हणजे अख्ख्या फेरीने मागे टाकायला लागतात आणि सगळी खिचडी होते. आघाडीचा मुलगा घोळक्यातून पुढे निघताना मला दिसलाच नाही. शेवटच्या फेरीची घंटा मी दुसऱ्यासाठीच वाजवली! माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, नुसता घाम फुटला होता. स्कॉटने सगळ्यांना फेऱ्या घातल्या होत्या. असा माणूस घोळक्यात हरवतो.

आप्पा_सातारकर:
+१. आणि कटच असता तर रात्री निकाल बदलला कशाला? बेकर १९५६ आणि ५७ चा नॅसकार मालिकेचा विजेता, त्याच्याच नावावर ठेवला असता. स्कॉटला १००० डॉलर मिळाले की.

मृण्मयी:
मिळाले. कधी? प्रेक्षक घरी गेल्यावर, स्टेडियम रिकामं झाल्यावर. मूळ ट्रॉफी त्याला मिळालीच नाही, नंतर लाकडाचं काहीतरी हातावर टेकवलं. हा माणूस डॅनव्हिलचा, मुलांना मदतीला घेऊन स्वतःच्या हाताने गाडी दुरुस्त करून ४९५ शर्यती धावला. १९९० मध्ये गेला. नॅसकारने त्याच्या घरच्यांना ट्रॉफी दिली २०२१ च्या ऑगस्टमध्ये, डेटोनाला. अठ्ठावन्न वर्षांनी! मोजणाऱ्याची चूक मी एक वेळ मान्य करेन. पण अठ्ठावन्न वर्षं कोणाची पेन्सिल अडली होती?

आप्पा_सातारकर:
तो मुद्दा वेगळा. धागा मोजणीबद्दल आहे.

मृण्मयी:
वेगळा कसा? फेरीवाला, तुमच्या त्या मुलाचं काय झालं?

फेरीवाला:
तो स्वतःच टेबलापाशी आला. "सर, माझी एक राहिली लिहायची." आम्ही कागद जुळवले, निघाली.

मृण्मयी:
आणि मेडल?

फेरीवाला:
तिथेच. पोरं अजून मैदानावर होती, परत एकदा नाव पुकारलं.

बरं, तुमचा रोख कळला. मोजणीबद्दल मी अजूनही माझ्या मतावर आहे. प्रेक्षक जाईपर्यंत थांबण्याबद्दल नाही.