फायबर बॉडीचा दरवाजा कोपऱ्यात बाहेर येतोय, घासू का?

उद्यमनगरकर
मंडळी, मारुती ८०० चं इंजिन टाकून दोन सीटची उघडी गाडी बांधतोय. एक इंची चौकोनी पाइपची चासी इथंच कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतली. फायबरची बॉडी बाहेरगावच्या एका मोल्डवाल्याकडून आली: टब (बॉडीचं मुख्य खोकं), दोन दरवाजे, बोनेट, डिकी. डावा दरवाजा बिजागरीपाशी रेषेत आहे, मागचा खालचा कोपराही बरोबर बसतो, पण मागचा वरचा कोपरा ८ मिमी बाहेर. बोनेटला डावीकडं ३ मिमी फट, उजवीकडं ११. मोल्डवाला फोनवर म्हणतोय, "फायबर असंच असतंय, घासून बसवा." घासू का? गणपतीआधी रंगाला द्यायची आहे.

कागलचा_पेंटर
घासू नको. बाहेर आलेला कोपरा घासून आत जात नाही, पातळ होतो फक्त. आणि आत्ताच पुट्टी भरून रेषा जुळवायचा मोहही नको. जाड पुट्टी दरवाजाच्या कडेला टिकत नाही, चार वेळा दार आपटलं की तडकते. आण्णांना विचार, ते येतील इथं.

फायबरवाले_आण्णा
आलो. ग्राइंडर कपाटात ठेव भावा.

आधी सांग, गाडी कशावर उभी आहे? चासीच्या पोटाखाली ठोकळे घालून बॉडी बसवत असशील तर सगळं माप खोटं. इंजिन, गिअरबॉक्स बसवून चारी चाकांवर सपाट फरशीवर घे. सीटच्या जागी सिमेंटची तीन पोती टाक, दोन माणसांचं वजन झालं. मग दोन्ही बाजूंच्या दरवाजाच्या चौकटीचे कर्ण टेपनं मोज. डावं-उजवं जुळलं पाहिजे.

नाही जुळलं तर टबाचे सगळे बोल्ट ढिले कर आणि प्रत्येक बोल्टपाशी टब आणि चासीत फट आहे का बघ. लोक इथंच फसतात. फट असताना बोल्ट आवळला की फायबर गपगुमान खाली ओढलं जातं आणि त्याचा पीळ दोन फूट लांब दरवाजाच्या कोपऱ्यात निघतो. जिथं फट, तिथं तेवढ्याच जाडीची पट्टी घाल, मग आवळ.

त्यानंतर बिजागऱ्या काढ. दरवाजा नुसता चौकटीत ठेव, खाली लाकडी पाचरी, चारी बाजूंनी मास्किंग टेप. सारखा बसला तर दोष बिजागरीचा. तरीही कोपरा बाहेर आला तर दरवाजालाच पीळ आहे.

बोनेटचं गणित सोपं हाय. ३ आणि ११ ची बेरीज १४. ४ मिमी डावीकडून उजवीकडं सरकव, दोन्हीकडं ७. घासायचं काय आहे त्यात? ८ च्या बोल्टचं भोक बाजूला ४ मिमी लांबट कर, वर मोठा वायसर. पण दरवाजे झाल्याशिवाय बोनेटला हात लावू नको.

उद्यमनगरकर
आण्णा, कर्ण जुळले. बिजागरी काढून बघितलं, कोपरा तसाच ८ मिमी बाहेर. हातानं दाबला की आत जातो, सोडला की परत बाहेर.

फायबरवाले_आण्णा
मग पीळ दरवाजातच. दरवाजाची आतली आणि बाहेरची साल ओली असताना चिकटवताना, नाहीतर रेझीन (फायबर घट्ट करणारं चिकट रसायन) पक्कं व्हायच्या आत भिंतीला तिरका टेकवून ठेवल्यावर असं होतं. हातानं आत जातोय म्हणजे चांगली बातमी.

खालच्या आणि मागच्या कडेचा आतल्या-बाहेरच्या सालीचा जोड हॅक्सॉच्या पात्यानं उघड. पुढची, बिजागरीची बाजू उघडू नको. आता दरवाजा चौकटीत बसव, कोपरा दाबून क्लॅम्प लाव, चारी फटी सारख्या कर. ५ मिमीची प्लायची पट्टी फटीत सगळीकडं फिरली पाहिजे. मग उघडलेल्या जोडात रेझीन आणि म्याटचे (काचेच्या धाग्यांच्या चादरीचे) तुकडे भर. तिथला जुना पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून असिटोननं पूस, नाहीतर धरणार नाही. चौकटीला आधी टेप आणि मेण लाव, दरवाजा कायमचा चिकटवून बसशील. क्लॅम्प दुसऱ्या दिवशीच काढ.

सध्या पावसाचं दमट आहे, म्याट घरात कोरडी ठेव. हार्डनर (रेझीन घट्ट करणारं द्रव) रेझीनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. थंडी पडली म्हणून अंदाजानं ओतू नको. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव) वेगळा येत असेल तर हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका होतो. आधी रेझीनमध्ये कोबाल्ट नीट ढवळायचा, मग हार्डनर. चष्मा लावच. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाते.

कागलचा_पेंटर
एक राहिलं. दरवाजाचं रबर आत्ताच लावून फट बघ. नवीन रबर दरवाजा बाहेर ढकलतं, मग इतकं जुळवलेलं सगळं परत. आणि रंग कुठला ठरवलाय?

उद्यमनगरकर
मॅट काळा.

फायबरवाले_आण्णा
काळा नको रे. एप्रिलच्या उन्हात काळी बॉडी ७० अंशांच्या पुढं तापते. साध्या पॉलिस्टर रेझीनचं फायबर त्या उष्णतेत मऊ पडायला लागतं. म्याटीचे धागे वर दिसतात आणि लांब पॅनल पोट काढतं. पांढरा, पिवळा, फार तर भगवा घे. आणि रंगाला द्यायच्या आधी सगळे पॅनल गाडीवर बोल्ट लावून दोन-तीन आठवडे उन्हात सोड. जे हलायचं ते तेव्हाच हलू दे. गणपतीचं विसर, दसऱ्याला काढ.