गोव्यात साखळीला असलेलं घर गणेश चवथीपर्यंत बंद राहणार, चार कॅमेरे पुरतील का?

साखळीची लेक (प्रश्न)

नमस्कार. आमचं जुनं घर साखळीजवळ, वस्तीच्या अगदी टोकाला आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे सोपो म्हणजे ओसरी, मागे परसू म्हणजे मागचं अंगण आणि पलीकडे सुपारीचं कुळागर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून मे अखेरीस तिला पुण्याला आणणार. चवथीला सगळे घरी जाऊच, पण तोवर घर बंद. आत समया, तांब्याची भांडी, देवघरातली चांदी. अंगणात पत्र्याखाली बाबांची जुनी हॅचबॅक. बाबा गेल्यावरही आईने ती विकू दिली नाही.

डिचोलीतल्या एकाने चार कॅमेरे, चित्रण साठवणारा डीव्हीआर, त्यात १ टीबी डिस्क आणि मोबाइलवर बघायची सोय असे मिळून २८ हजार सांगितले. एवढ्याने भागेल का? भाऊ पर्वरीला राहतो, त्याने नुकतीच बटण स्टार्टची गाडी घेतली आहे, त्याबद्दलही कोणी सांगितलं तर बरं.

वायरमन फोंडा

ताई, मी फोंडा, डिचोली भागात वायरिंगची आणि कॅमेऱ्यांची कामं करतो, तरीही सांगतो, २८ हजारांतले निम्मे आधी दारांवर आणि कौलांवर घाला. कॅमेरा चोराला थांबवत नाही, तो फक्त बघतो. बंद घरात चोराकडे वेळ असतो आणि आपल्याला तो वेळच त्याला द्यायचा नाही.

कौलारू घरात दार फोडायची गरजच पडत नाही. परसवाकडून चढायचं, चारसहा कौलं बाजूला करायची, कौलांखालची रीप कापायची आणि माळ्यावर उतरायचं. आवाज जवळजवळ नाही. यावर उपाय म्हणजे वाशांवर वेल्ड केलेली लोखंडी जाळी. पावसाआधी नळे म्हणजे कौलं परतायला माणसं येतात, तेव्हाच हे काम करून घ्या, म्हणजे कौलं दोनदा काढावी लागत नाहीत. सगळ्या घराला जमत नसेल तर निदान देवघर आणि कपाटाच्या खोलीवर तरी मारा.

मग दार. पुढच्या दाराला बाहेरून मोठं पितळी कुलूप म्हणजे घरात कोणी नाही हे रस्त्यावरून दिसतं. शिवाय कुलूप सहसा तुटत नाही, कोयंडा उखडतो, कारण तो छोट्या स्क्रूंवर असतो. दाराच्या आत बसणारं, दोन-तीन दांडे सरकणारं कुलूप घ्या. कोयंडा ठेवायचाच तर आरपार बोल्ट मारून आतून नट लावा. मागच्या दाराला आतून अडसर असेलच, तो लावून पुढून बाहेर पडा.

आणि कळकळीने सांगतो, शिडी, पहार, पिकास, कोयता परसवात ठेवू नका. नारळ काढणाऱ्या पाडेलीसाठी म्हणून ठेवलेली शिडीच चोर वापरतो. सगळं शेजाऱ्यांकडे द्या.

आता कॅमेरे. चार २ मेगापिक्सेल कॅमेरे रात्रंदिवस चालले तर १ टीबी डिस्क साधारण दहा-बारा दिवसांत भरते आणि जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढतं. चोरी होऊन महिन्याने कळलं तर डिस्कवर काहीच उरलेलं नसेल. चोर डीव्हीआर उचलून नेतात तेही आहेच. म्हणून टीव्हीखाली ठेवू नका, माळ्यावर किंवा कपाटात ठेवा आणि हालचाल झाली की तो फोटो लगेच तुमच्या फोनवर येईल अशी सोय करून घ्या. त्यासाठी इंटरनेट चालू हवं, राउटरला आणि डीव्हीआरला छोटा यूपीएस हवा. तिथे वायरचं इंटरनेट नसेल तर सिमवर चालणारे ४जी कॅमेरे मिळतात. पण घेण्याआधी परसवात मोबाइलची रेंज किती येते ते बघा.

पावसाळ्यात विजांचा त्रास मोठा. घरात माणूस असला की आपण सगळे प्लग काढतो, बंद घरात ते कोण काढणार? मेन बोर्डावर विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज अरेस्टर बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या, नाहीतर पहिल्या गडगडाटात सगळं जळेल. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळ्यामुळे चित्र पांढरंफटक होतं. उजेडासाठी वेगळा दिवा कॅमेऱ्यापासून चार हात लांब लावला की हा त्रास बराच कमी होतो. हालचाल ओळखून भोंगा वाजवणारा सेन्सर बसवलात तर त्यावर पाल चढली तरी तो वाजतो. दोनचारदा फुकट वाजला की शेजारी लक्ष देणं सोडतात. त्यापेक्षा दाराचा चुंबकी सेन्सर बरा, फक्त पावसात लाकूड फुगतं म्हणून थोडी फट धरून बसवायला सांगा. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

पर्वरीकर काकी

भावाला सांग, बटण स्टार्टची चावी रात्री दाराजवळच्या खुंटीला लावू नकोस. दोघे येतात. एक दाराशी यंत्र धरून चावीचा सिग्नल ओढतो, दुसरा तो गाडीपर्यंत पोचवतो. गाडीला वाटतं चावी जवळच आहे, आणि काच न फोडता ती चालू होते. सिग्नल अडवणारं पाकीट मिळतं. घेतल्यावर चावी आत ठेवून गाडीचं दार उघडतं का ते स्वतः तपासायचं, काही पाकिटं नुसती दिखाऊ असतात. आणि स्टिअरिंगला लोखंडी दांडा लावायचा. भावाला तो दिसायला जुनाट वाटेल, पण तो कापायला वेळ लागतो.

विम्याचं काम करणारा, म्हापसा

बाबांची गाडी उभीच राहणार म्हणून विमा थर्ड पार्टीवर, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरता आणला असेल तर चोरीचे पैसे मिळणार नाहीत, त्याला सर्वसमावेशक पॉलिसी लागते. क्लेमच्या वेळी दोन्ही मूळ चाव्या मागतात, म्हणून एकही बंद घरात ठेवू नका. एआरएआय या वाहन तपासणी संस्थेची मान्यता असलेलं चोरीरोधक उपकरण बसवलं तर स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २.५ टक्के सूट असते, जास्तीत जास्त ५०० रुपये. सूट छोटी आहे, उपकरण मात्र बसवाच.

घराचं अनेकांना ठाऊक नसतं. १ एप्रिल २०२१ पासून आलेली भारत गृह रक्षा पॉलिसी आग, वादळ, पूर यासाठी आहे. त्यात चोरी धरतात ती अशा घटनेनंतरच्या ७ दिवसांतली. नुसत्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि घर सलग बंद असल्यास काय, हे कलम सही करण्याआधी वाचा.

चांदी लॉकरमध्ये ठेवा. पण १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. भाडं ३ हजार असेल तर ३ लाख. यादी आणि फोटो स्वतःजवळ असू द्या.

साखळीची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. चांदी लॉकरमध्ये ठेवते. दादा, गाडीची बॅटरी काढून ठेवली तर चालेल ना? आणि मी पुण्यात असताना काही झालं तर तक्रारीसाठी साखळीला धावावं लागेल का?

वायरमन फोंडा

बॅटरी काढाच. मात्र गाडी कुठे आहे ते सांगणारा जीपीएस ट्रॅकर लावलात तर तो मग त्याच्या आतल्या छोट्या बॅटरीवरच राहतो, आणि ती फार टिकत नाही. जवळ कोणाचं बंद शेड असेल तर गाडी तिथेच ठेवा, पत्र्याखाली नको.

तक्रारीचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात कुठल्याही ठाण्यात एफआयआर देता येतो, पुण्यातही. ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांत सही करावी लागते. पण घर बघायला माणूस इथलाच लागेल. शेजाऱ्यांना ११२ नंबर आणि तुमचा नंबर दोन्ही लिहून द्या, आणि निघण्याआधी डिचोली पोलीस ठाण्यात घर बंद असल्याचं सांगून या.

चारपैकी दोन कॅमेरे परसवाकडे आणि कुळागराच्या बाजूला लावा, एक सोप्यावर, एक गाडीच्या जागी. बसवणारे चारही कॅमेरे पुढच्या अंगणात लावून देतात, त्याला होकार देऊ नका. जाळीचं माप घ्यायला मी येऊ शकतो, नळे परतणाऱ्यांची तारीख ठरली की कळवा.