स्रोत मागण्याचा हक्क नेमका कोणाचा?
जीपीएल हा प्रोग्रॅम वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक देणारा परवाना आहे. ‘जीपीएल प्रोग्रॅममध्ये बदल केला की त्याचा स्रोत (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ कोड) जगजाहीर करावाच लागतो,’ हे मत मला पटत नाही. सांगलीच्या हळद बाजारातील एखाद्या अडत्याने असा हिशेबाचा प्रोग्रॅम बदलून केवळ आपल्या पेढीत वापरला, तर तो कोणालाही स्रोत देणे लागत नाही. मात्र त्याची प्रत शेजारच्या पेढीला दिली, की जबाबदारी सुरू होते. जीपीएलच्या १९९१ च्या आवृत्ती २ नुसार प्रतीसोबत स्रोत देण्याऐवजी तो मागितल्यास देण्याची लेखी हमी चालते, पण ती किमान ३ वर्षांची आणि कोणाही त्रयस्थासाठी खुली असावी लागते (शुल्क फक्त प्रत पाठवण्याच्या खर्चाएवढे, इथेच बहुतेकांची गल्लत होते). तोच प्रोग्रॅम एजीपीएल ३ (नेटवर्कवरून होणाऱ्या वापरालाही लागू होणारा जीपीएलसारखा परवाना) खालील असेल आणि बदललेल्या रूपात सर्व्हरवर चालत असेल, तर ब्राउझरमधून आपल्या मालविक्रीची हिशेबपट्टी पाहणाऱ्या शेतकऱ्यालाही स्रोत उपलब्ध करून द्यावा लागतो.